लवकर दिलेली घंटा

गाडी थांबली आणि तिसऱ्या डब्याच्या खिडकीत पोर्टरला त्याची मुलगी दिसली.

तीन वर्षांनी दिसत होती. शाल पांघरून, खिडकीच्या गजांना डोकं टेकून बसली होती. बापाची नजर पडली तसा तिनं हात जरासा उचलला. उठली नाही, हाक मारली नाही. पोर्टरनं मान फिरवली. अजून तोरा आहेच, तो मनाशी म्हणाला.

स्टेशन दरीच्या तळाशी होतं. पुढं चढ, मग बोगदा आणि डोंगरापलीकडं मोठं गाव. चढाला लागण्याआधी इंजिन इथं पाणी प्यायचं, आणि ते पाणी पितंय तोवर अख्खी वसाहत फलाटावर जमायची. सगळी माणसं रुळांबरोबरच या दरीत आलेली. कुणाच्या चुलीवर काय शिजलं आणि कोण कुणाशी बोलत नाही, सगळ्यांना सगळं ठाऊक. ड्रायव्हर खाली उतरून चहा प्यायचा, गार्ड मास्तरांशी गप्पा हाणायचा. साहेब गाडीत असला तरच गाडी वेळेवर सुटायची. एरवी गप्पा संपल्या की सुटायची.

अशाच एका सकाळी मुलगी फायरमनबरोबर निघून गेली होती. ती त्याच गाडीत बसलीय हे पोर्टरच्या गावीही नव्हतं. त्यानं रोजच्यासारखे गाडी सोडायचे टोले दिले. गाडी बोगद्यात शिरल्यावर त्याला कळलं. मग वसाहतीला कितीतरी दिवस तोच विषय पुरला. "लेकीची पाठवणी करावी तर अशी! बापानं स्वतः घंटा वाजवून केली." कुणी पाठीमागं म्हणायचं, कुणी तोंडावर. पाण्याच्या नळावर बायका हसायच्या आणि तो दिसला की बादल्यांत बघायच्या.

पोर्टरनं लेकीचं नाव टाकलं. बायकोला बजावलं, "तिच्या घरची पायरी चढलीस तर इकडं परत येऊ नकोस." जावई रोज इंजिनावरून समोर यायचा. गाडी सुटताना न चुकता म्हणायचा, "मामा, येतो." पोर्टर इंजिनाला उत्तर देत नसे, तसं त्यालाही देत नसे.

आज जावई इंजिनामागच्या टाकीवर चढून पाण्याची सोंड सांभाळत होता. तिथूनच हात हलवून तो काहीतरी ओरडला. वाफेच्या आवाजात एक शब्द कळला नाही. पोर्टरनं समजून घेतलाही नाही.

तेवढ्यात सांधेवाल्याची बायको चाळीकडं धावली. "अगं ए, ऐकलंस का! तुझी लेक आलीय गाडीत!"

पोर्टरची बायको दारात आली. हात साबणाच्या फेसानं भरलेले. तशीच, पायात काही न घालता, राखेच्या ढिगांमधून ती फलाटाकडं पळत सुटली. पळता पळता पदर सावरत होती आणि हसत होती. तीन वर्षांत पोर्टरनं तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

मास्तरांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "लाइन मोकळी आहे. पण सावकाश होऊ दे, घाई नाही."

पोर्टरनं हातोडी उचलली आणि घंटा म्हणून टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर टोले हाणले.

"आज कसली लगीनघाई?" ड्रायव्हर करवादला. त्यानं अर्धा चहा रुळांत ओतला आणि वर चढला. शिट्टी झाली. चाकं हलली.

बायको फलाटाच्या उतारावर पोचली तेव्हा तिसरा डबा तिच्यापुढून निघून गेला होता. ती गाडीमागं चार पावलं धावली. मग फलाट संपला.

"वेळ झाली होती," पोर्टर म्हणाला.

तिनं त्याच्याकडं नुसतं बघितलं, आणि तिला सगळं कळलंय हे त्याला कळलं.

दुपारी तिनं ताट वाढून ठेवलं आणि ती पुन्हा फलाटावर जाऊन बसली. लेक परतीच्या गाडीनं येईल असं तिनं मनाशी धरलं होतं. सोबत डब्यात खायला घेतलं होतं. पोर्टर तिच्यासमोरून दोनदा गेला. तिनं मान वर केली नाही.

दिवस मावळता मावळता गाडी उतरून आली. शिट्टी न देता आली. जावई इंजिनावर नव्हता. तो गार्डाच्या डब्यातून उतरला. त्याच्यामागं डब्यात शालीनं झाकलेलं काहीतरी लांबट ठेवलं होतं. ती शाल आईनं ओळखली. तिच्या हातातला डबा खाली पडला.

"पहाटेपासून अंगावरून रक्त जायचं थांबत नव्हतं," जावई म्हणाला. "पलीकडच्या दवाखान्यात नेत होतो. पोचलो असतो. गावातली घरं दिसायला लागली होती."

जावयानं पुढं होऊन पोर्टरचे दोन्ही हात धरले.

"मामा, बोगद्यापाशी गाडी थांबते, तेव्हा मी पळत तिच्याकडं गेलो. हसत होती. म्हणाली, 'बाबांनी घंटा लवकर दिली, ऐकलीस? मला बघितल्याबरोबर कळलं त्यांना. गाडीला उशीर होऊ दिला नाही.' म्हणाली, आता बाबांचा राग गेला."

"मी..." पोर्टर म्हणाला. त्यानं बायकोकडं बघितलं.

ती उठली. जावयाजवळ आली आणि तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"हो, बाळा," ती म्हणाली. "तिला बघितलं, म्हणूनच वाजवली त्यांनी."