तिसरं बटण

ऑक्युपेशनल थेरपीच्या शेवटच्या वर्षाला तिचा प्रकल्प होता: अर्धांगवायूतून सावरणाऱ्यांना शर्टाची बटणं लावायला किती वेळ लागतो. शर्ट सगळ्यांना एकच. अकरा जण पहिली दोन बटणं लावून तिसऱ्यावर अडकले होते. बारावे शिंपीकाकाही तिथेच अडकले, तशी तिने 'बोटांत जोर कमी' असं लिहायला घेतलं.

काकांनी शर्टाची पट्टी उलटून डोळ्यांजवळ धरली. "पोरी, हे काज कुणी केलंय? बटणापेक्षा लहान आहे! तुझी धडधाकट बोटं रेटून घालतात, म्हणून तुला कळलं नाही."

ती शर्ट घेऊन धावतच प्रकल्पाच्या मार्गदर्शक मॅडमकडे गेली. "मॅडम, सहा महिन्यांचं काम पाण्यात गेलं!"

मॅडम खुर्चीतून ताडकन उठल्या. "अगं, जाऊ दे पाण्यात! तुमची बोटं अजून तयार नाहीत, असं सांगून आपण अकरा जणांना घरी पाठवलंय. आधी फोन लाव!"

तिने यादीतला पहिला नंबर फिरवला. पलीकडून आवाज येताच ती नाचतच ओरडली, "आजी, तुमची बोटं पास! नापास आमचा शर्ट झालाय!"