कुलूपबंद पत्रांना होकार

"मशीन बंद करून पुन्हा चालू केलंत का?" फोनवरच्या बाईने विचारलं.

"या आठवड्यात दुसरं काही केलंच नाही," रेइनो लाहती म्हणाला.

कॅनडातल्या थंडर बेच्या कागद गिरणीत त्याने अडतीस वर्षं काढली होती. बिघडलेल्या यंत्राला नुसता कान लावून तो दुखणं सांगायचा. पण या मांडीवरच्या संगणकाने पत्रं न उघडता त्याच्या नाकी नऊ आणले होते. बुधवारी मदतीच्या फोनवरच्या एका पोराने त्याला धीर धरायला सांगितलं. गुरुवारी दुसऱ्याने सांगितलं की कुलूप कंपनीचं असलं तरी किल्ली गिऱ्हाइकाची. परवलीचं वाक्य जमत नसेल तर कंपनीही पत्र वाचू शकत नाही, आणि हेच तर आमचं वैशिष्ट्य. वैशिष्ट्य सांगताना त्याचा आवाज अभिमानाने भरून आला होता. रेइनोने फोन ठेवून दिला.

आज शुक्रवार होता, आणि उद्या ओन्नी येणार होता.

ओन्नी हा थोरला भाऊ. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला, व्हँकुव्हरला राहणारा. आईच्या दफनानंतर, कॉफी पिताना, वडिलांनी हाताने बांधलेला तळ्याकाठचा कॅम्प, ती सुट्टीतली लाकडी झोपडी, विकावा असं तो म्हणाला. रेइनो नको म्हणाला, तेव्हा त्याने सगळ्या नातलगांसमोर सांगून टाकलं, "तुला यातलं काही कळायचं नाही." त्यानंतर अकरा वर्षं दोघांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. फिनलंडहून आलेल्या घरांत तसंही कुणी घडाघडा बोलत नाही, त्यामुळे पहिली दोन वर्षं तर भांडण झालंय हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मग यंदा ईस्टरला ओन्नीची मुलगी कारिना आली आणि म्हणाली, बाबांना तुम्हाला पत्र लिहायचंय. पण बाबांचा कंपन्यांवर विश्वास नव्हता. पत्रं वाचतात म्हणे लेकाचे. म्हणून तिने दोघांच्याही मशीनवर कुलूपबंद टपालाची सोय केली. रेइनोला एक वाक्य ठरवायला सांगितलं, जन्मात विसरणार नाही असं. त्याने वडील सौनात, त्या वाफेच्या न्हाणीत, शिरताना नेहमी विचारायचे तेच ठेवलं. त्याच संध्याकाळी मशीनने ते नाकारलं. कारिनाला फोन केला, तिचाही उपाय चालेना. बापाला यातलं अक्षर सांगू नकोस, असं मात्र त्याने तिला बजावलं.

कारण 'तुला यातलं काही कळायचं नाही' हे पुन्हा ऐकायची त्याची तयारी नव्हती.

पत्रं येऊ लागली. पाठवताना कुलूप लावायला वाक्य लागत नसे, त्यामुळे उत्तर धाडता यायचं. प्रत्येक पत्राला रेइनोने एकच उत्तर धाडलं: 'पत्र मिळालं. पटलं.' झाकली मूठ सव्वा लाखाची. अशी पंधरा पत्रं झाली. भावाचं पत्र आलं एवढ्यावरच त्याचा आठवडा बरा जायचा, हे तो कुणाजवळ बोलला नसता.

पण मंगळवारी ओन्नीने चक्क फोन केला. शनिवारी येतो, म्हणाला, आणि कॅम्पचं काय ते पत्रात लिहिलंच आहे. रेइनो सवयीने "पटलं" म्हणून गेला. मग ओन्नी "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला. तेव्हापासून रेइनो रोज मदतीच्या फोनवर होता. वडिलांचा कॅम्प विकायला आपण पंधरा वेळा मान डोलावली, याबद्दल त्याला शंका उरली नव्हती.

"बाई, उद्याच्या आत हे उघडलं पाहिजे," तो म्हणाला. "माझा भाऊ येतोय."

आजची बाई फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही बोलणाऱ्या मंक्टनची होती, ओडेत नावाची, आणि तिला घाई नव्हती. "वाक्य मला सांगू नका," ती म्हणाली. "फक्त एवढं सांगा, त्यात प्रश्नचिन्ह आहे?"

"शेवटी आहे."

"आणि ईस्टरच्या सुमाराला तुमचं प्रश्नचिन्ह धड उमटत होतं का?"

रेइनो विचारात पडला. त्या दिवसांत त्याने लिहिलेल्या प्रत्येक प्रश्नाच्या शेवटी प्रश्नचिन्हाऐवजी डोक्यावर काडी असलेला इंग्रजी ई यायचा. गिरणीतल्या मित्रांनी त्यावरून त्याला फ्रेंच साहेब म्हणून चिडवलंही होतं. कारिना येऊन गेली त्याच संध्याकाळी ते आपोआप सुधारलं.

ओडेत हसली. "आमच्याकडे घरोघरी हाच तमाशा. दोन कळा चुकून एकदम दाबल्या की कळफलक फ्रेंच होतो. वाक्य लपून ठिपक्यांत उमटतं, म्हणून दिसलं नाही. तुमचं वाक्य बरोबर आहे हो. तो शेवटचा प्रश्न फ्रेंचमध्ये विचारा."

तिने सांगितलं तसं त्याने कळफलक बदलला आणि दोन बोटांनी वाक्य लिहिलं. कुलूप उघडलं. रेइनो तिचे आभार मानू लागला. ती म्हणाली, मी ठेवते, तुमची पत्रं तुम्हीच वाचा.

सगळ्यात वरचं, पंधरावं पत्र त्याने उघडलं. विक्रीचा आकडा आधी नजरेला पडू नये म्हणून हळूहळू वाचू लागला.

'रेइनो, पुन्हा तेच लिहितो. आईच्या दफनाच्या दिवशी चारचौघांत तुला बोललो, ते चुकलं. कॅम्प तुझाच, तो कधी विकू नकोस. अकरा वर्षं मी इथे एकटा सौनात बसतोय, आणि दर वेळी तुझी आठवण येते. हे तोंडावर बोलणं मला या जन्मी जमायचं नाही, आणि तू वाचणार असतास तर लिहिणंही जमलं नसतं. बरं झालं, कारिनाने पहिल्याच दिवशी सांगितलं की तुला माझं एकही पत्र उघडत नाही.'