तिसरा घाव

बसा असं, भिंतीला टेकून. एक गोष्ट सांगतो, मुसळाची. हसू नकासा, मुसळाचीबी गोष्ट असती.

बेळगावात काँग्रेस भरलती, त्येच्या फुडल्या उन्हाळ्यात मनू नवरी हून कंग्राळीत आली. भरमाची दुसरी बायकू. पैली मालू रांगतं पोर मागं ठेवून तापानं गेलती. दुसऱ्याच दिशी सकाळी मनू परड्यात आली, तर सासू अंबुबाई आन् थोरली जाऊ गुणाबाई उखळात भात कांडत हुत्या, गाणं म्हणत. सासूचा घाव, मग जावेचा, मग काय न्हाय. धुप्, धुप्, सुनं. धुप्, धुप्, सुनं. गाणंबी तितं दम खायाचं.

मनूचा बाप संकेश्वरचा, भजनात पखवाज वाजवायचा. पोरीच्या कानात ताल पाळण्यापास्नं. तिला वाटलं, नव्या सुनंसाठीच जागा ठेवलीया. भिंतीला टेकलेलं मुसळ उचललं आन् त्या सुन्या जागंवर नेमका घाव हाणला.

दोन्ही मुसळं थांबली.

"ठेव ते," अंबुबाई म्हटली. "ती जागा मालूची हाय."

वरडली न्हाय. वरडली असती तर मनूला बरं वाटलं असतं.

सासू तशी वाईट न्हवं. ऊन भाकरी आधी मनूच्या ताटात टाकायची, केसाला तेल लावून द्यायची. उखळाजवळ तेवढं यिऊ द्यायची न्हाय. मनू लांब बसून सूप पाखडायची, मांडीवर मालूचं पोर. रोज सकाळी ते दोन घाव आन् ती सुनी जागा ऐकायची. तिला वाटायचं, या घरात आपल्याला ताट हाय, घाव न्हाय.

पंचमीला माहेरी गेली. आबा पखवाजाला कणीक लावत बसलता. त्येच्याफुडं रडली. "आबा, मेलेलीची जागा घ्यावी तरी कशी?"

"घ्यायची कशाला?" आबा म्हटला. "तालात खाली म्हणून एक जागा असती, तितं कोण थाप मारतं व्हय? हात मोकळा सोडत्यात. पण मोजत्यात की गं, येडे."

मनू रडायची थांबली. बोटांवर कायतरी मोजाय लागली.

पोरी माहेरास्नं करंज्या आणत्यात. ही खांद्यावर मुसळ घिऊन आली. गुणाबाई दारातच म्हटली, "काय गं बया, जावेच्या टकुऱ्यात घालाय आणलंस?"

दुसऱ्या दिशी मनू उखळाजवळ हुबी ऱ्हायली. मालूच्या जागंवर न्हाय, तिच्या पल्याड, हातभर सरकून. अंबुबाईचा घाव पडला, गुणाबाईचा पडला. सुनी जागा आली. मनूनं मुसळ वर धरलं, जागा जाऊ दिली, आन् मग घाव हाणला.

धुप्, धुप्, सुनं, धुप्.

तिनाचं चार झालं. गाणं तिनातलं, ते मोडलं. अंबुबाई थांबली. म्हातारीनं मालूच्या जागंकडं बघितलं. तितं कुणी शिवलं नव्हतं.

"गुणा," अंबुबाई म्हटली, "गाणं लांबवाय लागंल. धर."

आन् गाणं तिनंच उचललं. त्या गाण्यात घरातल्या बायकांची नावं यायची. मालूचं नाव आलं, आन् त्येच्याफुडं मनूचं. ते म्हणताना म्हातारीचा आवाज फाटला, पर घाव चुकला न्हाय.

तेच गाणं म्हणतो आता. तुमी टाळी धरा. पैली द्या, दुसरी द्या. तिसऱ्याला तेवढा हात मोकळा सोडा, तितं माझी आई हाय. आन् चौथी जरा जोरात द्या. तीबी माझी आईच.