दहापैकी सहा

"नमुना उत्तराला दहापैकी सहा?" शिरगुप्पे मॅडमनी तपासलेला कागद घेऊन खाडे सर स्टाफरूममध्ये त्यांच्यासमोर उभे राहिले. "वीस वर्षं इंग्रजी शिकवतोय मी!"

प्रश्न दोन जुन्या इंग्रजी प्रेमकवितांच्या तुलनेचा होता. सरांनी मुलांसाठी पानभर उत्तर लिहिलं होतं. पहिल्या कवितेतला प्रियकर प्रेयसीला फुलांची, दागिन्यांची लालूच दाखवतो. दुसऱ्या कवितेतला 'तारुण्य सरेल, घाई कर' म्हणून घाबरवतो.

"एक मुद्दा राहिलाय," मॅडम म्हणाल्या. "दोघंही नुसते बोलत सुटलेत. तिच्या मनात काय आहे, हे विचारलंय का कुणी?"

सरांची नजर टेबलावरच्या फुलाकडे गेली. तीन वर्षं ते मॅडमच्या टेबलावर रोज घरच्या बागेतलं फूल ठेवत होते. गेल्या महिन्यापासून 'आता आपली पन्नाशी आली' असंही अधूनमधून सुचवत होते.

त्यांनी खुर्ची ओढली. "मॅडम, तुमच्या मनात काय आहे?"

टेबलावरचं फूल केसांत खोवून मॅडमनी सहाचे दहा केले.

"अनिवार्य प्रश्न होता, सर. तीन वर्षं तुम्ही तो ऑप्शनला टाकलात!"