चिमट्यांचा भाव

"आणखी खणू?" फोरमनने विचारलं.

"खण."

गोदामाची अर्धी फरशी उखडून झाली होती. खाली माती निघाली, मातीखाली मुरूम. मालक खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसून आत डोकावत होते. कारखाना कपडे वाळत घालायच्या चिमट्यांचा. वडिलांनी काढला, वडिलांनीच तो शेअर बाजारात नेला, आणि मालकांनी उभं आयुष्य घालून तो रेटला. त्याची त्यांना खडान्‌खडा माहिती होती. निदान तसं त्यांना वाटायचं.

मग हेज फंड आले. श्रीमंतांचा पैसा घेऊन बाजारात डाव टाकणारी ही मंडळी एरवी चिमट्यांच्या वाटेला गेली नसती. पण भागधारकांमध्ये आधी एकाचं नाव दिसलं. पुढच्या तिमाहीत आणखी काही दिसले, आणि आता तर वरच्या टोकाला त्यांचीच रांग लागली होती. भाव तिप्पट झाला. मालकांची झोप उडाली. एवढी हुशार माणसं उगाच घेतात होय? त्यांना काहीतरी दिसलंय. आपल्याच कारखान्यात आहे, आणि आपल्यालाच दिसत नाही.

त्यांनी आधी लाकूड तपासून घेतलं. लाकूड साधंच निघालं. स्प्रिंगची तार प्रयोगशाळेत पाठवली. तिथून "तार आहे" असा निरोप आला. मग जमीन तेवढी उरली.

इकडे बायकोचे गुडघे गेले होते. मुलीच्या शेजारी तळमजल्याचं घर बघून ठेवलं होतं. मालकांनी आपला वाटा विकायचा आणि तिकडे राहायला जायचं, हे कधीचं ठरलेलं. प्लास्टिकचा एक व्यापारी घ्यायला एका पायावर तयार होता. दोनदा सामानाची खोकी बांधून झाली. दोन्ही वेळा मालकांनी ती सोडायला लावली.

त्या संध्याकाळी मातीने माखलेले मालक घरी आले, तेव्हा बायको जिन्यात मधल्याच पायरीवर टेकली होती.

"अहो, आता तर भाव चढलाय. विका की."

"चढलाय म्हणूनच नको. ज्यांना कळतं ते घेतायत, आणि मी खुळ्यासारखा विकू?"

"मग त्यांनाच जाऊन विचारा, काय दिसलं ते. माझं स्वयंपाकघर खणायला घेण्याआधी."

मालक गेले.

सगळ्यात मोठ्या फंडाची कचेरी काचेच्या इमारतीत होती. चिमट्यांचं काम बघणारी मुलगी त्यांच्या लेकीपेक्षाही लहान. तिने त्यांना खोलीत नेलं, दार लावून घेतलं आणि पाणी दिलं.

"सर, आत काय आहे ते सांगायला आलात ना?"

"मी विचारायला आलोय. तुम्ही काय बघून घेतलेत?"

"तुम्हाला."

"मला?"

"तुमचा सौदा ठरला होता. ऐनवेळी तुम्ही गेलाच नाहीत. तेव्हा आम्ही पहिल्यांदा थोडे घेतले."

"अगं, दाढ सुजली होती माझी!"

मुलीने हातातलं पेन खाली ठेवलं. "पण नंतर? भाव चढत गेला, तरी तुम्ही एक शेअर सोडला नाहीत. मालकच हलत नाही म्हटल्यावर आत घबाड असणार, म्हणून आम्ही वाढवत नेले. आमचं बघून बाकीच्यांनी घेतले."

"मी हललो नाही," मालक सावकाश म्हणाले, "कारण तुम्ही घेत होतात."

आधी मुलीला हसू फुटलं, मग मालकांना. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले दोघं.

"म्हणजे आत..."

"चिमटे आहेत गं. बरे आहेत. वाऱ्याला सुटत नाहीत."

मुलगी डोळे पुसत उठली. "मी साहेबांना आत्ताच खरं सांगते. नोकरी गेली तर गेली."

मालकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ते बाहेर पडले. लिफ्टपाशी उभं राहून त्यांनी घरी फोन लावला. "बांध गं खोकी. या वेळी सोडायची नाहीत." पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मालकांच्या छातीवरची धोंड उतरली.

लिफ्ट अजून वर यायची होती. मागचं काचेचं दार अर्धवट उघडं होतं. आतून मुलीचा आवाज आला.

"साहेब, ते स्वतः म्हणाले, आत चिमट्यांशिवाय काही नाही."

"कंपनीचा मालक," एक जाडा, संथ आवाज म्हणाला, "काम टाकून स्वतः इथवर येतो, आणि आत काही नाही म्हणून सांगतो? कधी ऐकलंयस असं? घाबरवतोय आपल्याला. आणखी घे. मिळतील तेवढे घे."

लिफ्ट आली. दार उघडलं, थोडं थांबलं, मिटलं. मालक जागचे हलले नाहीत. तो आवाज काही ऐऱ्यागैऱ्याचा नव्हता. बाजार कोळून प्यायलेल्या माणसाचा होता. असा माणूस उगाच बोलेल?

त्यांनी पुन्हा घरी फोन लावला.

"ऐक, एवढ्यात बांधू नकोस," ते तोंडाशी हात धरून कुजबुजले. "ह्यांना नक्की काहीतरी माहीत आहे."