मताचा खिळा

सरपंचाच्या निवडणुकीवरून कॉफीच्या टपरीवर वाद पेटला, की सर्वोतो आपला उमेदवार आणेल त्या कालव्याच्या पाण्याबद्दल बोलायचा आणि जुमादी त्याला मत देणाऱ्यांच्या नरकाबद्दल. शेवटी जुमादीने मशिदीच्या भिंतीवर फलकच लावला: 'मतपत्रिकेवरच्या त्या उमेदवाराच्या फोटोवर मताचा खिळा टोचणाऱ्याच्या जनाज्याला गाव उभं राहणार नाही.' निवडणूक झाली आणि महिन्याभरात सर्वोतोची बायको गेली. तिच्या नमाजाला सर्वोतो, त्याचा जावई आणि म्हातारे इमाम, एवढेच उभे राहिले.

आज जुमादीची आंधळी आई, साऱ्या गावाची म्बाह, म्हणजे आजी, कसिनेम गेली. अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती.

"बघ दादा, कांग सर्वोतो," डोळे पुसता पुसता जुमादी सगळ्यांदेखत म्हणाला, "याला म्हणतात मयत! माझ्या आईचा खिळा नाही चुकला. तुझ्या बायकोचा चुकला."

सगळे सर्वोतोच्या तोंडाकडे बघू लागले. एक वाक्य पुरलं असतं.

"म्बाह फार भल्या होत्या रे," एवढंच तो म्हणाला आणि मागच्या रांगेत जाऊन हात बांधून उभा राहिला.



मतदानाच्या दिवशी प्रचाराच्या गडबडीत जुमादीनेच तिला मतदानाला न्यायला आईचा हात सर्वोतोच्या हातात दिला होता, "तू काही लबाडी करायचा नाहीस," म्हणत, आणि पडद्याआड म्हातारी कुजबुजली होती, "खिळा तुझ्याच माणसावर टोच, बाळा. पण माझ्या पोराला कळू देऊ नकोस, नाहीतर माझ्या मयतालासुद्धा उभा राहायचा नाही तो."