पेटीत नसलेला सूर

“काळी चार देऊ?”

“चढतंय,” नंदाआजी म्हणाल्या.

“मग पांढरी पाच?”

“आता उतरलं.”

मंजिरीने पेटीवरचा हात काढला. इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या कम्युनिटी हॉलमध्ये चाळीस माणसं बारशाला जमली होती. बाळ पाळण्यात होतं आणि पाळणा म्हणणाऱ्या आजी पेटीवर रुसल्या होत्या. त्यांना हवा होता दोन पट्ट्यांच्या मधला सूर. तो बिचाऱ्या पेटीने आणायचा कुठून?

घरातलं एकही बारसं आजींच्या पाळण्याशिवाय झालं नव्हतं, आणि त्याला पेटी कधी लागली नव्हती. त्यांचे यजमान शशीआबा साताऱ्याकडे वीज मंडळात ऑपरेटर होते. तीस वर्षं संसार झाला तो सबस्टेशनच्या आवारातल्या क्वार्टरमध्ये. तिथे भाकरी थापता थापता आजींनी तोंड उघडलं की सूर हजर. इथे नातीकडे येऊन आठ महिने झाले, पण एक ओळ धड लागली नव्हती.

“गळा गेला माझा,” आजी म्हणाल्या. “वरदा, फोनवरचा पाळणा लाव बाई.”

“आजी, प्लीज. माझ्या बारशाला तूच गायलीस ना?” वरदा म्हणाली. ही नात, बाळाची आई. आबांचा वारसा चालवत इथल्या वीज कंपनीत इंजिनिअर झालेली.

आजी डोळे पुसत मागच्या दाराने बाहेर गेल्या. वरदाने नाइलाजाने फोन काढला.

आणि बाहेरून पाळणा ऐकू आला. खणखणीत, अगदी पूर्वीसारखा.

सगळे धावले. कार पार्कच्या कोपऱ्यात, हिरव्या कुंपणाला टेकून, आजी डोळे मिटून गात होत्या. कुंपणाच्या आत ट्रान्सफॉर्मर घुमत होता.

आबांनी कपाळावर हात मारला. “अरे देवा! आपल्या क्वार्टरच्या खिडकीखाली असाच होता. म्हणजे ही तीस वर्षं त्याच्यावर सूर लावत होती, आणि मी समजत होतो उपजत देणगी!”

“पण आबा, तो तिथला, हा इथला,” मंजिरी म्हणाली. “सूर तोच कसा?”

वरदाला हसू आवरेना. “अगं, ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रिक्वेन्सी नाही! इंडियात फिफ्टी हर्ट्झ, इथेही फिफ्टी. आतलं लोखंड सेकंदाला शंभर वेळा थरथरतं. म्हणून साताऱ्यात काय आणि इथे काय, गुणगुण सेम!”

“तुझी शिकवणी नंतर,” आजी डोळे न उघडताच म्हणाल्या. “आधी पाळणा बाहेर आणा.”

पाळणा बाहेर आला. आजींनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, चाळीस जणांनी साथ धरली, आणि ‘डेंजर ऑफ डेथ’ लिहिलेल्या पिवळ्या पाटीखाली आत्याने बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगितलं, सिया.